काशीच्या लग्नाची वेळ

आमच्या घराण्यात लग्नं लावायचं काम चार पिढ्यांचं. वडील अमरावतीत माणसांची लग्नं लावत, मी सरकारी नोकरीत सशांची लावली. हे वडिलांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पोथी मिटली, चष्मा पुसला आणि विचारलं, "मंगलाष्टकं कोण म्हणतं?" ते हयात असेपर्यंत आईने मात्र शेजारीपाजारी मी 'डॉक्टरांच्या हाताखाली' आहे एवढंच सांगितलं. कोणते डॉक्टर ते सांगितलं नाही.

नोकरी कशी लागली, पगार किती, बढती कधी, हे सगळं पेन्शनच्या कागदांत आहे. मला सांगायचं आहे ते एका सशिणीच्या लग्नाबद्दल. तिचं नाव काशी. ते लग्न मी लावलं नाही, पण लावलं असं लिहिलं. त्याची टोचणी अजून जात नाही, म्हणून हा खटाटोप.

गोष्ट साठ सालाच्या आगेमागची. अकोल्याला जनावरांच्या खात्याची एक लहानशी प्रयोगशाळा होती. तिथे डॉक्टर गद्रे नावाचे पुण्याचे गृहस्थ आले. उंच, किडकिडीत, कानात अत्तराऐवजी कायम भुलीच्या ईथरचा वास. पहिल्याच दिवशी चपराश्याने त्यांना "कुठून येऊन राहिले?" असं विचारलं, तर त्यांना वाटलं हा आपल्याला हटकतोय. वर्षभराने तेच सगळ्यांना "काय करून राहिले?" विचारायला लागले.

त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. चांगल्या जातीचं जनावर दूर पाठवायचं म्हणजे खर्च, चारा, आजार, आणि आमच्या वऱ्हाडातलं ऊन. मे महिन्यात अकोल्यात माणूस ओल्या फडक्याखाली जगतो, तर सशाचं काय! डॉक्टर म्हणत, जनावर कशाला पाठवायचं? त्याचा दोन दिवसांचा गर्भ काढावा, थंड करून झोपवावा, बाटलीत घालून एस.टी.ने पाठवावा, आणि तिकडे एखाद्या साध्या मादीच्या पोटात ठेवावा. पोट तिचं, पिल्लं दुसरीची. आधी हे सशावर जमवायचं, मग मेंढीवर, मग गाईवर.

आता हे ऐकून कुणी आश्चर्य करणार नाही. तेव्हा मात्र आमच्याकडे बघून लोक कपाळावर बोट ठेवत. वरूडचे एक संत्र्यांचे बागाईतदार आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे डोळ्याची कलम झाली ही. जंबेरीच्या खुंटावर संत्रं." आमचं काम इतक्या सोप्या शब्दांत डॉक्टरांनासुद्धा कधी सांगता आलं नव्हतं. त्यांनी उठून त्या गृहस्थांना चहा पाजला.

दोन वर्षं आम्ही गर्भ गोठवायचा प्रयत्न केला. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, फोडायची, मीठ घालायचं, त्यात काचेची बारीक नळी. गर्भ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. सुईच्या टोकाएवढा ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र काचेच्या गोटीत आणखी छोट्या गोट्या भराव्यात तसा सुंदर. बर्फातून काढला की त्या गोट्या चुरगळलेल्या असत. ग्लिसरीन घालून पाहिलं, हळू थंड करून पाहिलं, झटकन करून पाहिलं. एकही जगला नाही. डॉक्टर प्रत्येक वेळी वहीत लिहीत, "मृत." त्या वहीत हा शब्द इतक्यांदा आहे की स्मशानातली वही वाटावी.

शेवटी त्यांनी गोठवायचा नाद सोडला. नुसतं गार ठेवायचं ठरवलं. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात डबी, डबीत कापूस, कापसात नळी; बर्फाला नळी टेकू द्यायची नाही. असे गर्भ एक दिवस टिकतात असं दिसू लागलं. आता ते दुसऱ्या मादीच्या पोटात रुजतात का, हे पाहायचं होतं. पांढरे ससे अकोल्याला डॉक्टरांकडे, आणि तपकिरी ससे अमरावतीला माझ्याकडे. पांढरीची पिल्लं तपकिरीला झाली की कुणाला शंका घ्यायला जागा नको, म्हणून हे दोन रंग आणि दोन गावं.

आता लग्नाचं. सशिणीची तऱ्हा अशी की नर भेटल्याशिवाय तिचं शरीर गर्भाच्या तयारीला लागतच नाही. म्हणून परक्या गर्भासाठी तिला तयार करायची तर नराशी गाठ घालून द्यावी लागते, पण नर असा हवा की त्याच्यापासून काही होऊ नये. तशी शस्त्रक्रिया केलेला आमचा एक तपकिरी नर होता. डॉक्टरांनी त्याचं नाव ठेवलं भीष्म.

"भीष्मानं लगन कुठं केलतं सायेब?" सुखदेवने विचारलं.

"याला करावं लागतं," डॉक्टर म्हणाले.

सुखदेव हा अमरावतीच्या शेडवरचा राखणदार. पन्नाशीचा माळी. घरचा झेंडूचा मळा भाऊ बघत, हा सशांकडे. माझ्याहून त्याला ससे जास्त कळत. कोणती मादी रुसली, कोणाला लसूणघास जड झाला, हे तो पिंजऱ्यासमोरून नुसतं चालत जाऊन सांगे.

पहिल्या खऱ्या प्रयोगाचा दिवस डॉक्टरांनी ठरवला. अकोल्यात पांढऱ्या मादीला नर दाखवायचा सकाळी नऊला, आणि अमरावतीत काशीला भीष्म दाखवायचा त्याच दिवशी, नऊलाच. दोघींची घड्याळं बरोबर जुळली पाहिजेत, यावर त्यांचा सगळा भर. दोन दिवसांनी पांढरीचे गर्भ काढायचे, एक दिवस गार ठेवायचे, आणि तिसऱ्या दिवशी काशीला द्यायचे. हा प्रयोग साधला तर योजनेला मुदतवाढ मिळणार होती. नाही साधला तर प्रयोगशाळेला कुलूप, असं वरून स्पष्ट पत्र आलं होतं.

डॉक्टरांनी तारीख काढली ती इंग्रजी कॅलेंडरातून. तो दिवस निघाला सर्वपित्री अमावास्येचा.

माझे वडील आदल्या वर्षी गेले होते. मी एकुलता एक. घरी श्राद्ध, ब्राह्मण यायचे. मी सुखदेवला नीट समजावून सांगितलं, घड्याळ त्याच्या हातात दिलं. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी निघताना उद्याची नोंद शेडवरच्या वहीत करून ठेवली: "सकाळी नऊ. काशी व भीष्म. संयोग झाला." खाली सही. परत येऊन कशाला लिहीत बसायचं? श्राद्धाच्या दिवशी पुन्हा ऑफिसात कोण येणार? एवढा साधा आळस. कितीतरी कारकून रोज करतात तसा.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मी साडेदहाला शेडवर गेलो तर काशी झेंडूचं फूल खात बसलेली. पिंजऱ्याच्या दाराला छोटीशी माळ.

"हे काय रे सुखदेव?"

"लगन लावलं जी. आत्ताच."

"आत्ताच? काल नाही लावलंस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी अभद्र बोललो होतो. "सायेब, पितराच्या अवसेले लगन लावते काय कोणी? तुमी तर भटाचे पोरगे! तुमच्या बापानं लावलं असतं? मले वाटलं, तुमाले सांगता येऊन नाई राहिलं, डॉक्टरसायबाले भिऊन राहिले. म्हनून मी आज सकाळी घट बसवला, फुलं घेतले अन् मंग लावलं. चांगल्या दिवशी."

त्याच्यावर ओरडायलाही तोंड नव्हतं, कारण त्याची चूक फार तर भाबडेपणाची होती. वहीत सही माझी होती.

ट्रंक कॉल लावून डॉक्टरांना सांगता आलं असतं. पोस्ट दहा मिनिटांवर होतं. मी निम्म्या वाटेपर्यंत गेलोही. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, पक्की व्हायचे कागद डॉक्टरांच्याच सहीने वर गेले होते. न झालेल्या कामाची नोंद करणारा माणूस कोण ठेवील? मी वळलो. मनाला म्हटलं, नाहीतरी दोन वर्षांत काही जगलं नाही, हेही जगणार नाही. मरणाऱ्या प्रयोगाला माझ्या चुकीने काय फरक पडतो?

ठरल्याप्रमाणे मी अकोल्याला गेलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि मी थर्मास घेऊन एस.टी.त बसलो. थर्मास माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. तिला तहान लागली होती.

"पाणी हाय काय रे बाप्पा त्याच्यात?"

"नाही आजी. सशाची पिल्लं आहेत."

"या बाटलीत? किती?"

"आठ."

तिने मला आणि डॉक्टरांना आळीपाळीने पाहिलं आणि जागा बदलली. डॉक्टर बडनेऱ्यापर्यंत हसत होते. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला मात्र एकेक मैल जड जात होता.

काशीला भूल दिली, कुशीत छोटासा छेद घेतला, आठही गर्भ काचेच्या नळीने आत सोडले, टाके घातले. डॉक्टरांचा हात सोनाराचा होता. मी कंदिलाची काच धरावी तसा दिवा धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, यात काही अर्थ नाही, बिचारी काशी उगाच कापली गेली.

काशी व्याली. महिन्याने, गवतात स्वतःच्या पोटाचे केस अंथरून, पाच पिल्लं. जन्मतःच गुलाबी, आणि आठवड्याने अंगावर लव आली ती पांढरीशुभ्र. तपकिरी आईच्या पोटाशी पाच पांढरे ससे. सुखदेवने शेडसमोर नारळ फोडला. डॉक्टर धावत आले, पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. डोळे पुसून म्हणाले, "पाठक, एक दिवस उशिरा व्याली. थंडीत गर्भ एक दिवस झोपले असणार." आणि तसं त्यांनी वहीत लिहिलंसुद्धा.

उत्तर त्यांच्या हाताला लागलं होतं. गर्भ एक दिवस झोपतो, म्हणजे दाई-आईही एक दिवस मागे हवी. दोघींची घड्याळं जुळवायची नाहीत, एक दिवसाने चुकवायची! पण वही म्हणत होती की घड्याळं जुळलेली होती. आणि वहीवर माझी सही होती.

वरचे साहेब पाहायला आले. म्हणाले, उत्तम, आता पुन्हा करून दाखवा. आम्ही पुन्हा केलं. या वेळी मी स्वतः, घड्याळ हातात धरून, बरोबर नऊला. काहीच रुजलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. डॉक्टरांनी बर्फ बदलला, नळ्या बदलल्या, पाणी बदललं. वहीत पुन्हा "मृत, मृत" सुरू झालं. मी जितका चोख वागे, तितकं हमखास अपयश.

चौथ्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला: काशीचं लग्न एक दिवस उशिरा लागलं, म्हणूनच ते गर्भ रुजले होते. सुखदेवच्या डोक्यात तो आधीच पडला होता, त्याच्या पद्धतीने.

"सायेब, ते घटाच्या दिवशीचं लगन व्हतं. देवीचा हात व्हता. तुमी काहून सांगत नाई डॉक्टरसायबाले? मी सांगू काय?"

"गप्प राहा," मी म्हणालो. "तुझी नोकरी जाईल."

"माही गेली तं गेली. घरी झेंडूचा मया हाय."

त्याच्या नोकरीची काळजी मला होती, हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं होतं. काळजी माझ्या नोकरीची होती.

मग साहेब दुसऱ्यांदा आले. अकोल्याच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघेच होतो. त्यांनी पाय पसरले आणि हसत विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. एखादा पांढरा बोका उडी मारून गेला नव्हता ना पिंजऱ्यात?" बोका म्हणाले ते. सशाच्या नराला बोका म्हणतात असं त्यांना वाटत असावं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी शेडवरची वही उघडून साहेबांसमोर ठेवली आणि माझ्या सहीवर बोट टेकवलं. "ही नोंद पाठकांची आहे. तारीख, वेळ, सगळं आहे. पाठक न झालेली गोष्ट लिहिणार नाहीत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी मान डोलावली.

तीन महिन्यांत प्रयोगशाळा बंद झाली. ससे वाटून टाकले. काशीला सुखदेव घरी घेऊन गेला. माझी नोकरी पक्की झाली. पुढे मी गाई-म्हशींच्या कामावर गेलो आणि तिथे बरा कर्मचारी म्हणून नाव मिळवलं. डॉक्टरांची बदली अकोटच्या गुरांच्या दवाखान्यात झाली. खात्यात कुजबुज राहिली ती राहिलीच, की गद्र्यांनी सशांची लबाडी केली.

मी अकोटला गेलो तो चार वर्षांनी. कापसाचा हंगाम होता, जिनिंग कारखान्याबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि दवाखान्याच्या दारात खांदे सुजलेले बैल. डॉक्टर एका बैलाच्या खांद्याला औषध लावत होते. मी तिथेच, बैलाच्या पलीकडून, सगळं सांगून टाकलं. समोर बैल होता म्हणून सांगता आलं असं मला वाटतं.

त्यांनी त्या बैलाचं काम पुरं केलं. गाडीवानाला उद्या ये म्हणाले. हात धुतले, आत गेले, बाकावर बसले. म्हणाले, "पाठक, मी त्या माणसासमोर तुमचं नाव घेतलं होतं."

"हो."

"तुम्ही तिथेच उभे होता."

"हो."

मला वाटलं आता हाकलून देतील. द्यायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी ट्रंक उघडली. खाली, कपड्यांच्या तळाशी, ती वही होती. ते पान काढलं, पेन्सिल घेतली आणि विचारलं, "दुसऱ्या दिवशी किती वाजता?"

"सकाळी."

"सकाळी म्हणजे किती वाजता? किती तासांचा फरक पडला? चोवीस? सव्वीस?"

मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी सुखदेवला विचारलंच नव्हतं. मला स्वतःच्या भीतीपुढे काही सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या क्षणी त्यांचा चेहरा जसा झाला तसा साहेबांसमोरही झाला नव्हता. एवढं सगळं गमावून त्यांना फक्त एक आकडा हवा होता, आणि तोही माझ्याकडे नव्हता.

अमरावतीला परत आल्यावर मी थेट सुखदेवच्या मळ्यात गेलो. तो फुलं तोडत होता. "घड्याळात तं नाई पाह्यलं जी," तो म्हणाला. "माळेच्या गडबडीत व्हतो. पन झरोक्याचं ऊन उतरून तिसऱ्या खांबाच्या बुडाले टेकलं व्हतं. काशी त्या उन्हात बसली व्हती, ध्यानात हाय माह्या."

शेड अजून उभी होती. पिंजरे गेले होते, आत खताची पोती होती. पण खांब होते आणि झरोकाही होता. घटस्थापनेची वाट पाहून उपयोग नव्हता, ती दरवर्षी मागेपुढे होते आणि सूर्य तिथीवर चालत नाही. भटाच्या मुलाला एवढं कळायला चार वर्षं लागली. वहीतल्या इंग्रजी तारखेच्या दुसऱ्या दिवसाची मी वाट पाहिली. त्या दिवशी रजा काढली, पोती बाजूला सारली, आणि वडिलांचं घड्याळ रेडिओवर लावून घेऊन सकाळी आठपासून तिसऱ्या खांबासमोर उभा राहिलो. ऊन खांबावरून बोट बोट खाली येत होतं. बुडाला टेकलं तेव्हा मी वेळ पाहिली. मग लिहिली. आधी पाहिली, मग लिहिली.

त्याच दुपारी अकोटला पोस्टकार्ड टाकलं. "काशी व भीष्म. नऊ वाजून चाळीस मिनिटे. फरक चोवीस तास चाळीस मिनिटे. सुखदेवच्या सांगण्यावरून, झरोक्याच्या उन्हावरून ताडून." खाली सही केली.

आठवड्याने उत्तर आलं. माफ केलं, असं त्यात कुठे नव्हतं. कसे आहात, असंही नव्हतं. डॉक्टरांच्या त्या बारीक अक्षरात दोनच शब्द होते: "नोंद केली."

पुन्हा माझ्याच शब्दावर.